फिश टँकची हद्द कायम मोजणी

जगातील सर्व भांडणे हद्द नक्की नसल्यामुळे होतात. हद्द नक्की केल्यानंतर जी होतात त्यांना भांडण म्हणत नाहीत, प्रकरण म्हणतात. भांडणात माणूस ओरडतो आणि प्रकरणात अर्ज करतो. म्हणून भांडणापेक्षा प्रकरण केव्हाही सुसंस्कृत. या दृष्टीने पाहता मुळशी तालुक्याने अलीकडच्या काळात सुसंस्कृतपणात जी मजल मारली आहे, ती पाहून बाहेरगावच्या माणसाचे डोळे दिपतात. (बरेचदा तो माणूस जमीन घ्यायला आलेला असतो, त्यामुळे ते दिपणे फार काळ टिकत नाही.)

विठ्ठलराव धुमाळ यांनी या प्रगतीला उभी नोकरी वाहिली. ते भूकरमापक होते. म्हणजे एकाची जमीन कुठे संपते आणि शेजाऱ्याची कुठे सुरू होते, हे साखळी लावून दाखवायचे आणि तिथे दगड रोवून यायचे. आपण मोजलेल्या जागेवर पुन्हा कधी भांडण उरले नाही, असे ते अभिमानाने सांगत आणि ते अक्षरशः खरे होते. भांडण जागेवर उरत नसे, ते वरच्या कचेरीत जात असे.

निवृत्तीनंतर विठ्ठलराव पत्नी आशालताबाईंसह कासार आंबोलीजवळच्या 'निसर्गवैभव फेज टू' या सोसायटीत राहायला आले. (फेज वन कुठे आहे ते अद्याप कुणाला सापडलेले नाही.) आयुष्यभर दुसऱ्यांना जागा वाटून देणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात किती जागा मिळावी, याचा निकाल पहिल्याच आठवड्यात लागला. हॉल आशालताबाईंच्या मालिकांकडे गेला, स्वयंपाकघर पूर्वापार त्यांच्याच वहिवाटीत होते आणि गॅलरी वाळत्या कपड्यांनी घेतली. विठ्ठलरावांच्या वाट्याला खालची लॉबी आली. लॉबीत त्यांनी एक वेताची खुर्ची नेऊन ठेवली. खुर्चीला काहीतरी कारण लागते, नाहीतर माणूस वॉचमन वाटतो. सुदैवाने कारण शेजारीच होते.

ते कारण म्हणजे फिश टँक. बिल्डरच्या माहितीपत्रकात 'लेक व्ह्यू' असे छापलेले होते. ताबा मिळाल्यावर रहिवाशांनी सगळ्या खिडक्यांतून पाहिले, गच्चीवरच्या टाकीवर चढून पाहिले, पण तलाव काही दिसेना. तक्रार झाली. बिल्डर सज्जन निघाला. त्याने लॉबीत पाच फूट लांबीचा फिश टँक बसवून दिला आणि पाणी व दृश्य या दोन्ही बाबींची पूर्तता झाल्याचे पत्र पाठवले.

टँक रिकामा होता. तो भरण्यासाठी सोसायटीने एक सुंदर प्रथा पाडली. ज्या घरी मुलाचा वाढदिवस असेल त्या घराने टँकमध्ये मासा सोडायचा. कोणता मासा, याला बंधन नव्हते. भावना महत्त्वाची होती. त्यामुळे जे मासे निसर्गात एकमेकांना तोंडही दाखवत नाहीत, ते भावनेच्या जोरावर एका काचेत आले. दोन एंजल आले, पंधरा-वीस टेट्रा आले, काच चाटत फिरणारा एक काळा सकर आला. विठ्ठलरावांनी बंगळूरच्या नातवाच्या वाढदिवसाला एक गोरामी सोडला. गोरामी हा मवाळ मासा. मिशांसारखे दोन लांब धागे पुढे करून तो आधी चाचपतो, मग पुढे सरकतो. विठ्ठलरावांना त्याच्यात कामावर निष्ठा असलेला कर्मचारी दिसे.

पुढच्याच महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या कौस्तुभने मुलीच्या वाढदिवसाला पट्टेरी सिचलिड सोडला.

कौस्तुभ मूळचा लातूरचा, हिंजवडीला आयटीत. मुलगा सालस. त्याचा दोष एकच. त्याच्या पांढऱ्या गाडीचे मागचे डावे चाक पार्किंगमधल्या पिवळ्या पट्ट्यावर येई, आणि पट्ट्यापलीकडची जागा विठ्ठलरावांची होती. चाक पट्टा ओलांडत नसे, पट्ट्यावर उभे राही. विठ्ठलरावांनी हे कधी बोलून दाखवले नाही. फक्त ते चाक पाहिले की त्यांच्या कानाच्या पाळ्या गडद होत. आशालताबाई स्वयंपाकघरातूनच विचारत, "आज बी चाक पट्ट्यावर व्हतं का? कान बगा तुमचं, बिटासारखं झाल्यात."

तर हा सिचलिड. अंगठ्याएवढा होता तोवर पोरांनी त्याचे कौतुक केले. तळहाताएवढा झाल्यावर त्याने टँकच्या मधोमध पडलेले अर्धे मडके ताब्यात घेतले, मग मडक्यासमोरची वाळू घेतली आणि मग मडक्यावरून दिसणारे सगळे पाणी. हल्ला करण्यापूर्वी त्याच्या अंगावरचे फिके पट्टे शाई ओतल्यासारखे काळे होत. मग तो सुटे, आणि समोर जो असेल तो फिल्टरच्या पाइपमागे जाऊन बसे. सर्वांत जास्त गोरामी बसे. वॉचमनसकट सगळे त्या सिचलिडला 'मालक' म्हणू लागले.

आता प्रथेची दुसरी बाजू उघडी पडली. प्रत्येक मासा कुठल्या तरी घराचा होता. एंजलच्या शेपटीचा तुकडा गेला तेव्हा बी विंगमधल्या एका कुटुंबाने कौस्तुभच्या घरी मोदक पाठवणे बंद केले. सकर कुणाचाच आठवेना, म्हणून त्याच्या जखमांबद्दल सर्वांनी समान दुःख व्यक्त केले.

सोसायटीच्या सेक्रेटरी प्रियदर्शिनी ओव्हाळ या बावधनच्या एका बँकेत अधिकारी होत्या. कर्ज मागायला आलेल्या माणसाचे म्हणणे त्या जसे ऐकत, तसेच शांतपणे सोसायटीचे ऐकत. म्हणजे संपूर्ण ऐकून घेत आणि मग कागद मागत. त्यांनी मीटिंग बोलावली.

"दोन मार्ग आहेत," त्या म्हणाल्या. "एक तर मारामारी थांबवायची. नाहीतर टँक एखाद्या शाळेला देऊन टाकायचा. तशीही कुरिअरची पार्सलं रोज जिन्यात पडलेली असतात. त्या भिंतीला रॅक छान बसेल. मी मापही घेतलंय."

माप या शब्दाने विठ्ठलरावांनी मान वर केली. त्या भिंतीला म्हणजे टँकच्या भिंतीला. टँकच्या जागी रॅक आला तर शेजारच्या खुर्चीला काय कारण उरणार? पार्सलांशेजारी बसलेला माणूस हा पार्सलांचाच माणूस होतो. आणि वर हॉलमध्ये तर सकाळपासून मालिका.

"मॅडम, सोपं आहे," कौस्तुभ उठून म्हणाला. "आतली सगळी अरेंजमेंट बदलून टाकायची. मडकं इकडचं तिकडे, दगड तिकडचे इकडे. कुणाची जागा कुठली हे कुणालाच कळत नाही, मग भांडणार कशावर? मी नेटवर पाहिलंय, सगळे हेच सांगतात."

उपाय बिनखर्ची होता आणि पाच मिनिटांचा होता. म्हणजे समितीने फेटाळावा असे त्यात सगळेच होते. त्यातून तो मांडणाऱ्याचे चाक पट्ट्यावर होते.

"याला अराजक म्हणतात," विठ्ठलराव म्हणाले. "आज माशांच्या हद्दी पुसा, उद्या माणसांच्या पुसाल. इथे कुणाची हद्द कुठवर हेच ठरलेलं नाही, म्हणून भांडण आहे. रीतसर मोजणी करा. मी करून देतो. एक पैसा घेणार नाही."

मागच्या रांगेतून हैबतराव खाकरले. ज्या जमिनीवर सोसायटी उभी आहे ती मूळची हैबतरावांची. व्यवहारात त्यांना तळमजल्याचे दोन फ्लॅट मिळाले. तरीही सोसायटीकडे ते वाट चुकून आपल्या शेतात शिरलेली वरात पाहावी तसे पाहत.

"हितं आमचं भाताचं खाचर व्हतं," ते म्हणाले. "आन ते बी ह्यांनीच मोजलं व्हतं. बांध आजून हुडकतुया मी. आता माशांची बारी."

प्रियदर्शिनीबाईंनी मुदत घातली. वार्षिक सभेपर्यंत शांतता दिसली तर टँक राहील, नाहीतर रॅक. विठ्ठलराव मत्स्यालय उपसमितीचे अध्यक्ष झाले. उपसमितीत ते एकटेच असल्याने निवड सहज पार पडली.

मोजणी कशी असावी, हे पाहायला तालुक्यातून लोक यायला हवे होते. आधी नोटीस. हद्द कायम करताना शेजारच्या सर्व कब्जेदारांना कळवावे लागते, म्हणून नोटीस टँकच्या काचेवर आतून वाचता येईल अशी डकवली. मोजणीच्या दिवशी सर्व मासे जागेवर हजर होते. (विठ्ठलरावांच्या नोकरीत असे प्रथमच घडले.) एंजलने हरकत घेतली नाही. टेट्रांनी सामूहिक म्हणणे असल्याचा आभास निर्माण केला, पण शेवटपर्यंत मांडले नाही. सकर काचेला चिकटून नोटिशीची खालची बाजू चाटत होता. ते पोच म्हणून धरले.

मग क्षेत्र ठरवणे. प्रत्येक माशाला त्याच्या लांबीच्या प्रमाणात जागा, हे तत्त्व ठरले. लांबी शेपूट धरून की सोडून, यावर एंजलवाले आणि टेट्रावाले यांच्यात दोन संध्याकाळी गेल्या. एंजलचे पंख खाली-वर लोंबतात, त्यामुळे त्याची उंची धरावी असाही अर्ज आला. शेवटी शेपूट धरून, मिशा सोडून असा निर्णय झाला. त्यात स्वतःच्या गोरामीचे नुकसान झाले, तरी विठ्ठलरावांनी तो मान्य केला. पुढे बरेच दिवस ते लिफ्टमध्ये या त्यागाचा उल्लेख करत.

काचेवर स्केचपेनने रेघा ओढल्या. पाण्याचे सहा गट पडले. गट दोनमधून गट पाचमध्ये जायला फिल्टरच्या कडेने वहिवाटीचा रस्ता ठेवला. मुठा नदीच्या पात्रातून गोटे आणून त्यांना पांढरा रंग दिला, वर आकडे टाकले आणि शर्टाची बाही खांद्यापर्यंत वळवून विठ्ठलरावांनी ते हद्दीचे दगड टँकच्या तळाशी वाळूत स्वहस्ते रोवले. चौथ्या दगडाला मालक त्यांच्या बोटाला चावला. "मोजणी कामात अडथळा," असे म्हणून त्यांनी बोटाला पट्टी बांधली आणि पाचवा दगड रोवला. आशालताबाई पायरीवर उभ्या राहून बघत होत्या.

"आवो, मासा हाय त्यो," त्या म्हणाल्या. "त्याला सातबारा नकु, अळ्या पायजेत."

"अळ्या घालणं वेगळ्या विभागाकडे आहे," विठ्ठलराव म्हणाले. तो विभागही त्यांच्याचकडे होता, पण मोजणीच्या वेळी ते दोन्ही कामे एकत्र करत नसत.

परिणाम लगेच दिसू लागला. मोजणीपूर्वी टँकमध्ये भांडण्यासारखी एकच जागा होती, ती म्हणजे मडके. मोजणीनंतर आणखी अठरा झाल्या. जो दगड रोवला त्याच्या आडोशाला कुणीतरी घर केले, आणि घर झाले की त्याला अंगण लागले. आजवर गरीब म्हणून ओळखला जाणारा एक टेट्रा दगड क्रमांक सातच्या पाठीशी उभा राहून एंजलवर धावून गेला. दुसऱ्या एंजलने तिसऱ्या दगडावर अंडी घातली आणि पहिल्यालाही जवळ येऊ देईना. मालकाने मात्र निःपक्षपातीपणा दाखवला. त्याला सर्वच दगड आपले वाटले. रोज सकाळी तो एकेका दगडाला प्रदक्षिणा घालून सगळ्यांना हाकलून येई. सरकारी खुणांची इतकी नियमित तपासणी विठ्ठलरावांनी आपल्या खात्यातही पाहिली नव्हती आणि आतून कुठेतरी त्यांना त्याचा आदर वाटू लागला.

गोरामी मात्र आता फिल्टरमागेच राहायला गेला होता. वहिवाटीचा रस्ता तेवढा त्याला उपयोगी पडला.

"काका, मोजणी चुकली का?" प्रियदर्शिनीबाईंनी बँकेतून येता येता विचारले.

"मोजणी चुकत नसते. मान्य नसेल त्याने निमताना मोजणी मागावी."

"ती काय असते?"

"वरच्या अधिकाऱ्याने येऊन तीच मोजणी पुन्हा करणं."

"वरचे अधिकारी कोण?"

विठ्ठलरावांनी शर्टाची कॉलर नीट केली. "मीच," ते म्हणाले.

निमताना मोजणीत पूर्वीची मोजणी बरोबर निघाली.

आता पिरंगुटला शंभूच्या दुकानात जाणे भाग होते. शंभू मासे, पोपट आणि मोबाइलची कव्हरे विकत असे. दुकानात येणाऱ्याची कोणतीही अडचण ऐकून घेऊन तो तिच्यावर काहीतरी वस्तू विकू शके, आणि बऱ्याचदा ती दुसऱ्या अडचणीची असे. आधी त्याने मातीची गुहा दिली. (मालकाने ती मडक्याची गच्ची म्हणून वापरली.) मग प्लॅस्टिकची झाडे दिली. मग काचेला बाहेरून लावायला एक आरसा दिला.

"ह्याच्यात त्यो सोताला बगल आन सोताशीच भांडत बसंल. बाकीचे सुटले."

मालक तीन दिवस आरशाशी भांडला. चौथ्या दिवशी त्याने आरशातल्या माशाला आपले मानले, आणि तेव्हापासून आपण दोघे आहोत अशा जोमाने तो इतरांवर जाऊ लागला.

"मग अजून धा मासं सोडा," शंभू म्हणाला. "गर्दी झाली की मारामारी वाटली जाती. येकाच्याच अंगाव येत न्हाई."

हा सल्ला ऐकून विठ्ठलराव दुकानातून उठलेच. वारस वाढवल्याने वाद मिटल्याचे एकही प्रकरण त्यांच्या पाहण्यात नव्हते.

शेवटचा उपाय तडीपारीचा. मालकाला जाळीने पकडून काही दिवस कौस्तुभच्याच घरी बादलीत ठेवायचे ठरले. तो गेला त्या दिवशी टँकमध्ये खरोखर शांतता झाली, आणि संध्याकाळपर्यंत रिकाम्या मडक्यात गोरामी शिरला. विठ्ठलरावांचा तोच गोरामी, मवाळ, चाचपून पुढे सरकणारा. त्याने आधी मिशा आत घातल्या, मग अंग आत घातले, आणि आत बसल्यावर टेट्रांवर असा धावून आला की विठ्ठलराव खुर्चीतून उठून उभे राहिले. मालक परत आला तेव्हा मडक्याचे दोन दावेदार झाले होते. त्या रात्री गोरामीच्या एका मिशीचा अर्धा भाग गेला. (मिशा मोजणीत धरलेल्या नसल्याने क्षेत्रात बदल झाला नाही.)

वार्षिक सभेला आता एकच दिवस उरला. प्रियदर्शिनीबाईंनी पार्सलच्या रॅकचा नमुना लॉबीत आणून उभा केला होता. माप अचूक होते. रॅक टँकची जागा तर घेणारच होता, वर वेताच्या खुर्चीचीही. विठ्ठलराव बराच वेळ रॅककडे बघत बसले. मग वर गेले. हॉलमध्ये मालिका चालू होती. सोफ्यावर एक जागा मोकळी होती. तिच्यावर इस्त्रीचे कपडे होते.

"कपडं उचला आन बसा," आशालताबाई म्हणाल्या. "उद्यापासून हितंच बसायचंय तुमाला."

विठ्ठलराव बसले नाहीत. त्यांच्यासमोर आता दोन गोष्टी होत्या. एका बाजूला उभ्या आयुष्याचे शास्त्र, की हद्दीशिवाय शांतता नाही. दुसऱ्या बाजूला एक खुर्ची. माणसाने शास्त्राची बाजू घ्यावी असे सर्व थोर लोक सांगतात. पण थोर लोकांना बसायला जागा असते. अडचण एवढीच होती की खुर्ची वाचवायची तर कौस्तुभने पहिल्या मीटिंगला सांगितलेले करायचे. म्हणजे दगड उपटायचे. म्हणजे पट्ट्यावरच्या चाकापुढे मान तुकवायची.

अशा वेळी खरा अनुभवी कर्मचारी डगमगत नाही. तो त्याच गोष्टीला दुसरे नाव शोधतो.

सभेच्या दिवशी सकाळी लॉबीत काचेवर नवी नोटीस लागली: 'गट क्रमांक एक ते सहा यांची एकत्रीकरण योजना'. जुन्या काळी लोकांच्या जमिनींचे विखुरलेले तुकडे एकत्र करून नवे गट पाडले जात, ते पवित्र काम. विठ्ठलरावांनी बाही वळवली. अठरा दगड उपटले. मडके उचलून डावीकडच्या कोपऱ्यात पालथे घातले. गुहा उजवीकडे नेली, झाडे मधोमध रोवली, वाळू हाताने अशी ढवळली की पाणी ताकासारखे झाले, आणि काचेवरच्या रेघा ओल्या फडक्याने पुसून टाकल्या. एंजलची अंडी कधीच खाल्ली गेली होती, त्यामुळे कोणाचे पुनर्वसन करावे लागले नाही. मालक पुन्हा चावला. यावेळी त्यांनी त्याला अडथळा म्हटले नाही.

पाणी निवळले तेव्हा सगळे मासे टँकभर गोंधळून फिरत होते. मालक मडक्याच्या जुन्या जागी गेला, तिथे झाड होते. झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग तो फिका पडला आणि पाहुणा जसा परक्या घरात हात मागे बांधून फिरतो तसा टेट्रांच्या मागून फिरू लागला. गोरामी फिल्टरमागून बाहेर आला. उरलेली दीड मिशी पुढे करून त्याने मालकाला चाचपले. काही झाले नाही.

सभा लॉबीतच होती, कारण क्लबहाऊसची किल्ली दोन्ही विंगांकडे अर्धी अर्धी होती. (कुलपे दोन, किल्ल्या वेगवेगळ्या.) मांडववाल्याने खुर्च्या आणल्या आणि हाताला येतील तशा मांडल्या. इथे मोठा घोटाळा झाला. आजवर ए विंग डावीकडे बसे, बी विंग उजवीकडे, हैबतराव पंख्याखाली. आता डावे-उजवे कळेना. पहिला पाऊण तास कुणी कुठे बसायचे यात गेला. दोन गृहिणींनी एकाच खुर्चीवर पर्स ठेवल्या. एका काकांनी आपली खुर्ची उचलून पंख्याखाली नेली, तर हैबतरावांनी पंखाच बंद केला.

"पंखा माजा न्हाई," ते म्हणाले. "पर खालची जमीन माजी हाय."

हे सर्व चालू असताना टँकमध्ये मासे एका दिशेने, थव्याने, शांतपणे पोहत होते. प्रियदर्शिनीबाईंनी एकदा टँककडे पाहिले, एकदा सभेकडे, आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "विषय क्रमांक चार. टँकमध्ये सकाळपासून हल्ला शून्य. बाहेर आतापर्यंत सात. पैकी दोन माझ्यावर. काढायचंच असेल तर काय काढावं, हे सभासदांनी ठरवावं."

टँक राहिला. रॅक जिन्याखाली गेला. दर महिन्याच्या एक तारखेला आतली मांडणी बदलावी, असा ठराव झाला. टाळ्या पडल्या. विठ्ठलरावांनी उठून नमस्कार केला.

"काका, मी पहिल्या मीटिंगला हेच म्हणत होतो," कौस्तुभ आनंदाने म्हणाला.

"तुम्ही अरेंजमेंट म्हणाला होता," विठ्ठलराव म्हणाले. "हे एकत्रीकरण आहे."

कौस्तुभ मनाने मोकळा. त्याला राग आला नाही, उलट उत्साह आला, आणि उत्साहाच्या भरात त्याने या कथेतील सर्वांत तर्कशुद्ध वाक्य उच्चारले. "मग पार्किंगचंही असंच करू या ना. दर महिन्याला चिठ्ठ्या टाकायच्या. कुणाची जागा फिक्स नाही, म्हणजे भांडणच नाही. माशांना जमतं तर आपल्याला का नाही?"

डावे आणि उजवे यांनी प्रथमच एकमेकांकडे आपुलकीने पाहिले. दोन पर्सवाल्या गृहिणींनी एकमेकींचे हात धरले.

"माज्या खाचरात गाडी कुटं लावायची ते मला चिठ्ठी सांगणार व्हय?" हैबतरावांनी विचारले.

"मासे वेगळे, माणसं वेगळी," एंजलवाले म्हणाले.

"त्यांच्या पट्ट्यांना कुणी रंग दिलेला नसतो," विठ्ठलराव म्हणाले. त्यांचे कान बिटासारखे झाले होते.

कौस्तुभची बायको किमया हिने नवऱ्याची बाही ओढली. "अहो, खाली बसा. आपला कोपऱ्यातला स्लॉट आहे. उन्हाचा नाही, झाडाखालचा नाही. कुणाला द्यायचाय तो?"

कौस्तुभ बसला. बसता बसता त्याचा चेहरा पालटला. प्रस्ताव मतास टाकण्यात आला. विरोधात सर्व. सूचक कौस्तुभ यांनीही स्वतःच्या प्रस्तावाविरुद्ध हात वर केला, आणि तो बाकी सगळ्यांपेक्षा जरा उंच होता. निसर्गवैभव फेज टूच्या इतिहासातील हा पहिला एकमुखी ठराव. सभेनंतर चहा झाला. बी विंगमधल्या त्या कुटुंबाने कौस्तुभच्या घरी पुन्हा मोदक पाठवायला सुरुवात केली. चाक अजून पट्ट्यावरच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठलराव प्रसन्न मनाने खाली उतरले. टँक जागेवर होता. मालक फिका होता. गोरामी मधोमध तरंगत होता. खुर्चीही होती, सभेच्या गडबडीत सरकून ती दोन हात पलीकडे गेली होती, आणि तिच्यात पाय लांब करून हैबतराव बसले होते.

"बसा की, धुमाळ," ते समोरच्या पायरीकडे बोट दाखवत म्हणाले. "लई शांत वाटतंय हितं. मला ठावंच नव्हतं."

"बसा, बसा," विठ्ठलराव म्हणाले. "तुमचीच जागा आहे." आणि हसले. पण टँकमधल्या सगळ्या माशांनी एकदम काचेकडे तोंड वळवले आणि त्यांच्या कानांकडे पाहिले. पाण्यातल्या जीवांना त्या रंगाची माहिती असते.

राहता राहिले वाचक. या माणसांना आणि माशांना आपण दोन-चारदा तरी हसला असाल, आणि तो आपला हक्कच आहे. फक्त एवढे लक्षात घ्यावे की आपण हे सगळे आपल्या नेहमीच्या जागी बसून वाचले आहे. ती पंख्याखालची, खिडकीकडची किंवा टीव्ही सरळ दिसणारी जागा आपल्या नावावर असल्याची नोंद कुठल्याही कचेरीत नाही. रविवारी पाहुणे येतील. त्यांतला एक, चप्पल काढून, आजूबाजूला न पाहता, थेट तिथेच जाऊन बसेल. आपण सुसंस्कृत आहात, तेव्हा "बसा, बसा" म्हणालच. म्हणताना आरशात एकदा कान तेवढे पाहून घ्यावेत.